बॅलेटचा ठराव, शाळेचे पत्रे आणि आमची ग्रामसभा (माझा अनुभव)

आमच्या झेडपी शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष मी कसा झालो तर पालकसभेला उशिरा पोचलो म्हणून, आधी आलेल्यांनी एकमेकांकडं बघत माझं नाव ठरवून टाकलं होतं. शाळा चौथीपर्यंत, पट ४७, शिक्षक दोन, खोल्या तीन. एका खोलीला कुलूप कारण तिची भिंत फुगलीय, दुसरीचे पत्रे गळतात, म्हणजे पावसाळ्यात चारही वर्ग एका खोलीत, इकडं पहिलीचं अ आ इ आणि तिकडं चौथीचा भागाकार.

पैशाचं आधी समजून घ्यावं लागलं. पट ३१ ते १०० असेल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान वर्षाला २५ हजार. त्यात खडू, लाईटबिल, झाडू, बारीकसारीक दुरुस्ती, बास. पत्रे त्यात बसत नाहीत. राहिली ग्रामपंचायत. भाऊसाहेब (म्हणजे ग्रामसेवक, आता सरकारनं पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी केलंय पण गावात भाऊसाहेबच) म्हणाले, विकास आराखड्यात घ्यायचं तर ग्रामसभेचा ठराव पाहिजे.

आता ग्रामसभेला कोरम (किमान हजेरी) लागतो मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. १५ ऑगस्टला आले ३१, २ ऑक्टोबरला त्याहून कमी. सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही हे मला नंतर कळलं, आणि ती सभा कधी झाली हे तर त्याच्याही नंतर.

मग नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा झाली आणि गावाचं वारंच फिरलं. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीनं ३ डिसेंबरला मशीनवर विश्वास नाही म्हणून स्वतःच बॅलेटवर, म्हणजे कागदी मतपत्रिकेवर, मतदान घ्यायचं ठरवलं, पोलीस आले, जमावबंदी लागली, ते रद्द झालं. कराडकडं कोळेवाडीच्या ग्रामसभेनं बॅलेटचा ठराव केला. आमच्या पोरांच्या मोबाईलवर दिवसभर तेच, त्यामुळं २६ जानेवारीला आपणपण ठराव करायचा असं पारावर ठरलं.

मी काय केलं, आठ दिवस आधी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज दिला की शाळा दुरुस्तीचा विषय विषयपत्रिकेवर घ्या, आणि पोच घेतली. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो, अर्ज नसला की तुमचा विषय ‘ऐनवेळचे विषय’मध्ये जातो आणि तोवर माणसं चहाला गेलेली असतात.

२६ तारखेला रविवार होता. झेंडावंदन झालं आणि देवळापुढं बघतो तर दीडशेच्या वर माणूस! बॅलेटसाठी आलेला. मनात म्हणलं, येऊदे कशासाठीपण, कोरम भरला.

बॅलेटचा विषय आधी निघाला आणि दोन तास चालला, दोन्ही पार्ट्यांचे कार्यकर्ते समोरासमोर, एक म्हणतो मशीन हॅक होतं, दुसरा म्हणतो लोकसभेला तुमचे खासदार आले तेव्हा मशीन चांगलं होतं का. खरं सांगायचं तर मलापण नक्की कुणाचं खरं ते कळत नव्हतं. पण एसटीतून रिटायर झालेले एक तात्या उठले आणि त्यांनी साधं विचारलं, मतदान संपल्यावर बूथचं एकूण मतदान लिहिलेला १७-सी चा कागद एजंटला मिळतो, आपल्या बूथचा कुणाकडंय? दोन्हीकडं शांतता. एकानं मिळाला होता पण हरवला, दुसऱ्यानं घेतलाच नव्हता. तात्या म्हणाले, सकाळी मॉकपोलला, म्हणजे चाचणी मतदानाला, किमान ५० मतं टाकून दाखवतात, तेव्हा किती एजंट होते? एक. दुसरा आंघोळ करत होता.

मग मागच्या बायकांतून एक काकू बोलल्या. “मशीनचं राहूद्या, माझी सासू मरून सहा वर्षं झाली, तिचं नाव अजून यादीत हाय. ते कोण काढणार?” सगळे हसले, पण मग एकेक जण बोलायला लागला, आमच्या चुलत्याचं आहे, आमच्या पोरीचं लग्न होऊन ती पुण्याला गेली तिचं दोन्हीकडं आहे. आणि ही नावं काढायची कुणी, तर बीएलओनं, म्हणजे बूथची मतदार यादी सांभाळणाऱ्यानं. आणि आमचा बीएलओ कोण, तर शाळेतले दोनपैकी एक सर! यादीचं काम आलं की सर दारोदार फिरतात आणि चारही वर्ग मॅडमवर. हे मी उठून सांगितलं, आणि तिथनं विषय आपोआप शाळेवर आला. मी काय भाषणबिषण ठरवलेलं नव्हतं.

ठराव दोन्ही झाले. बॅलेटचा टाळ्यांनी झाला, निवडणूक कशावर घ्यायची हे ग्रामसभेच्या हातात नाही हे भाऊसाहेबांनी सांगूनपण झाला. शाळेच्याला सूचक तात्या, अनुमोदक त्या काकू.

खरी गंमत पुढं. फेब्रुवारीत ठरावाची नक्कल मागितली तर प्रोसिडिंगमध्ये लिहिलेलं, ‘शाळेच्या अडचणींबाबत चर्चा करण्यात आली.’ झालं! चर्चेला निधी मिळत नाही. मुद्दाम केलं की घाईत झालं माहीत नाही, मी भांडलो नाही. १ मेच्या ग्रामसभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम करतात, तिथं हात वर केला आणि दुरुस्ती करून घेतली, ‘पत्रे बदलणे व स्वच्छतागृह दुरुस्तीस मंजुरी’ हे शब्द माझ्यासमोर रजिस्टरात लिहायला लावले. त्या दिवशी माणसं परत कमी, पण काकूंनी बचत गट आख्खा आणला होता.

दुसरी अक्कल इथं आली. तेव्हा पंधराव्या वित्त आयोगाकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या पैशात ६० टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यावरच, आणि ४० टक्के अबंधित. अबंधितवर रस्ता, गटार, पेव्हर ब्लॉक सगळ्यांचा डोळा. मी आधी सगळं एकाच अर्जात मागत होतो. ज्युनियर इंजिनियर चांगला होता, तो म्हणाला तोडून मागा. मग संडास, हात धुवायचे नळ, टाकी बंधितमधून, फक्त पत्रे अबंधितमधून, असं दोन इस्टिमेट. मग लगेच बसलं, पुरवणी आराखड्यात.

तरी शाळा १६ जूनला सुरू झाली ती गळतच. तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय, मग ठेकेदार, मग एमबी (कामाची मोजमाप वही) लिहायला साहेब नाहीत... पत्रे बसले दिवाळीच्या सुट्टीत. कुलूपवाल्या खोलीचं वेगळंच आहे, ती पाडायची तर निर्लेखनाचा (वापरातून कायमची काढायचा) प्रस्ताव झेडपीला जातो, मंजुरी येईपर्यंत ना पाडता येते ना वापरता येते. तो गेलाय. मी महिन्यातून एकदा जाऊन फाईल कुठल्या टेबलवर आहे ते बघून येतो.

मधल्या काळात सरांबरोबर बसून फॉर्म ७ (यादीतून नाव काढायचा अर्ज) भरले, त्याच मतदारसंघातला कुणीपण मतदार भरू शकतो, मयताचा दाखला जोडायचा, खोटी माहिती दिली तर मात्र गुन्हा आहे म्हणून प्रत्येक घरी जाऊन विचारूनच भरले. ११ भरले, ८ नावं निघाली. काकूंच्या सासूबाईंचं निघालं नाही, कारण यादीत नाव ‘सोनाबाई’ आणि दाखल्यावर ‘सुनाबाई’. आता आधी दाखला दुरुस्त करायचा, मग परत फॉर्म. बॅलेटवाल्या पोरांपैकी दोघं या कामाला आले, बाकीचे म्हणाले कळव काय झालं ते.