बिल्बाओ: पेंटलंडसाहेबांच्या शहरात

स्पेनमधल्या बिल्बाओला बहुतेक लोक गुगेनहाइम म्युझियम बघायला जातात, मी गेलो ते अ‍ॅथलेटिक बिल्बाओ या फुटबॉल क्लबच्या सान मामेस स्टेडियमसाठी, आणि खरं सांगायचं तर स्टेडियमपेक्षाही एका इंग्लिश कोचसाठी, फ्रेड पेंटलंड. आपल्याकडे ला लिगा, म्हणजे स्पेनची फुटबॉल लीग, बघणारे भरपूर आहेत पण बार्सिलोना-रेआल माद्रिदच्या पुढे गप्पा जातच नाहीत, त्यामुळे हे नाव कोणाला माहीतच नसतं आणि मला ते फार खटकतं.

मेट्रोने सान मामेसला उतरलं की चार पावलांवर स्टेडियम. हे 2013 चं नवीन, जुनं 1913 मधलं इथेच अगदी लागून होतं. लोक दोन्हीला एकाच प्रेमाने 'ला कतेद्राल', म्हणजे कॅथेड्रल, म्हणतात. आत क्लबचं म्युझियम आहे, तिथे 1930 च्या आसपासच्या टीमपाशी मी रेंगाळलो. लाफुएन्ते, इरारागोर्री, बाता, चिर्री, गोरोस्तिसा... ही फॉरवर्ड लाइन पेंटलंडने घडवली.

माणूस मूळचा वुल्व्हरहॅम्प्टनचा, जन्म 1883 चा. राइट विंगला खेळायचा, ब्लॅकबर्न, क्यूपीआर, मिडल्सब्रो असे बरेच क्लब केले, 1909 मध्ये इंग्लंडकडून 5 मॅचेस, बस. तिकडे असे खेळाडू खंडीभर होते. मग 1914 मध्ये जर्मनीच्या ऑलिंपिक टीमचा कोच म्हणून गेला आणि काही महिन्यांतच महायुद्ध पेटलं. इंग्लिश माणूस म्हणून थेट रुहलेबेनच्या छावणीत. बर्लिनजवळच्या घोड्यांच्या रेसकोर्सवर ही छावणी होती, कैद्यांना चक्क तबेल्यात ठेवायचे. आणि तिथे कोण कोण अडकलेलं बघा, स्टीव्ह ब्लूमर, जॉन कॅमेरॉन, सॅम वुल्स्टनहोम, सगळे नावाजलेले फुटबॉलर! त्यांनी आत लीग चालवली, कप मॅचेस घेतल्या, हजारो कैदी बघायला जमायचे. युद्ध संपेपर्यंत हेच आयुष्य. माझं ठाम मत आहे की पेंटलंड खरा मास्तर झाला तो इथेच, कारण जवळ काहीच नसताना नुसत्या खेळावर माणसं उभी ठेवायला तो इथे शिकला.

सुटल्यावर 1920 मध्ये फ्रान्सची ऑलिंपिक टीम, मग स्पेनमध्ये सांतांदेरचा क्लब, आणि 1922 मध्ये बिल्बाओ. पहिल्याच सीझनला, 1923 चा कोपा, म्हणजे स्पेनचा कप, जिंकला. पुढच्याच वर्षी इथून जवळच्या इरूनच्या रेआल उनिओनने कोपा जिंकला आणि त्यांचा कोच कोण, तर ब्लूमर! एकाच छावणीतले दोघं, लागोपाठ दोन वर्षं, मला हे वाचलं तेव्हा काटा आला होता.

तोवर बिल्बाओत धावाधाव आणि लांब किक मारायचा खेळ होता, पेंटलंडने छोटे पास शिकवले. पहिल्या प्रॅक्टिसला बुटाची लेस नीट कशी बांधायची ते दाखवलं असं सांगतात. मधली काही वर्षं माद्रिद, ओव्हिएदो करून 1929 ला परत आला आणि मग जे झालं ते वेडच आहे. 1929-30 ची लीग, 18 मॅचेस, 12 जिंकल्या, 6 ड्रॉ, हार एकही नाही. 1931 ला परत लीग. कोपा तर 1930 ते 1933 सलग चार वेळा. आणि 8 फेब्रुवारी 1931 ला याच सान मामेसवर बार्सिलोनाला 12-1, त्यात 7 गोल एकट्या बाताचे. बार्सिलोनाची लीगमधली ती आजपर्यंतची सगळ्यात मोठी हार आहे.

डोक्यावर कायम काळी गोल हॅट म्हणून सगळे त्याला 'एल बोम्बीन' म्हणायचे, मोठी मॅच जिंकली की पोरं ती हॅट ओढून घेऊन पायाखाली तुडवायची आणि साहेब तुडवू द्यायचे. 1929 च्या मे महिन्यात माद्रिदला स्पेनने इंग्लंडला 4-3 हरवलं, ब्रिटन-आयर्लंडबाहेरच्या टीमकडून इंग्लंडची पहिली हार, तेव्हा स्पेनच्या बाजूला हाच होता.

स्टेडियममधून नदीच्या कडेने चालत गुगेनहाइमपर्यंत या, मस्त रस्ता आहे. म्युझियमशेजारी 'काम्पा दे लोस इंग्लेसेस', इंग्रजांचं मैदान. जहाजांवरचे, खाणी-कारखान्यांतले इंग्रज एकोणिसाव्या शतकात इथे खेळायचे आणि बिल्बाओची पोरं ते बघून शिकली. म्हणून तर क्लबचं नाव इंग्लिश 'अ‍ॅथलेटिक'. फक्त बास्क, म्हणजे याच प्रांतातले, खेळाडू घेणारा हा क्लब, पण शिकवायला येणाऱ्याला त्यांनी कधी परका म्हटलं नाही, आणि मला या शहराचं हेच सगळ्यात आवडलं.

1936 ला स्पेनमध्ये यादवी पेटली आणि पेंटलंड इंग्लंडला परतला, ब्रेंटफर्डला असिस्टंट, मग बॅरोचा मॅनेजर. तिकडे त्याचं कोणाला फार कौतुक नव्हतं. पण बिल्बाओ विसरलं नाही. डिसेंबर 1959 मध्ये क्लबने त्याला मुद्दाम बोलावून घेतलं, त्याच्या सन्मानार्थ चेल्सीबरोबर मॅच ठेवली आणि पहिली किक त्याला मारायला दिली, वय 76. 1962 मध्ये तो गेला.

जाणार असाल तर मॅचच्या दिवशी जा, आणि दोन-तीन तास आधी पोसास रस्त्यावर पोचा, लाल-पांढऱ्या टीशर्टांनी अख्खा रस्ता भरलेला असतो, हातात पिंचोस (पावावरचे छोटे खाऊ) घेऊन आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे बाहेरच उभे. दुसऱ्या दिवशी मी बसने सांतांदेरला निघालो, साधारण दीड तास लागतो. पेंटलंडची स्पेनमधली पहिली टीम तिथलीच, रासिंग, त्याबद्दल पुढच्या भागात लिहितो.