मामा तलावाच्या पाळीवर तीन दिवस

नागपूरकराला सुट्टी म्हटली की ताडोबा नाहीतर पेंच आठवते, आणि मग पहाटेपासून जिप्सीत बसूनही वाघ दिसला नाही की परतीच्या वाटेवर सगळ्यांची तोंडे उतरतात. अशा दोन सफारी पदरी पडल्यावर गेल्या नोव्हेंबरात आम्ही भंडारा-साकोलीचा रस्ता धरला आणि नवेगाव बांधच्या अलीकडच्या एका खेड्यात, मित्राच्या मोठ्या आईच्या घरी, तीन दिवस राहिलो.

वरच्या अंगाला तलाव, पाळीखाली धानाच्या बांध्या आणि पलीकडे जंगल, एवढाच त्या गावाचा नकाशा. तलावाला तिथे मामा तलाव म्हणतात. ‘कोणाचे मामा?’ असे माझ्या मुलीने पहिल्याच संध्याकाळी विचारले, तेव्हा मोठी आई पोटभर हसल्या. ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे गावचा शेतसारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपली, तलाव सरकारकडे गेले आणि नावाला ‘माजी’ चिकटले.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत, आणि त्यांतील अनेकांची बांधणी कोहळी समाजाने गोंड राजवटीपासून पुढे केली. खुद्द नवेगाव बांधचा सुमारे ११ चौरस किलोमीटरचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे परंपरा सांगते. रचना वरवर साधी दिसते: उताराला आडवी मातीची पाळ घालायची, आणि एक तलाव भरला की त्याच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात जाईल अशी साखळी जुळवायची. तिची खरी किंमत मात्र धान निसवत असताना, म्हणजे लोंब्या बाहेर पडताना, पाऊस पाठ फिरवतो तेव्हा कळते, कारण त्या दोन-तीन आठवड्यांत पाळीच्या दारातून सोडलेले पाणीच पीक तारते. आम्ही पोहोचलो तेव्हा कापणी सुरू होती आणि उभ्या धानात आधीच फेकलेली लाखोळी (एक कडधान्य) बांधीतल्या ओलीवर उगवून आली होती.

पहाटे पाळीवर धुके इतके दाट असे, की धिवराचा डोंगा दिसण्याआधी वल्ह्याचा आवाज यायचा. कमळाच्या पानांवर कमळपक्षी चालत होते आणि मधल्या उघड्या पाण्यात बदकांचा थवा बसलेला होता. सारस मात्र दिसला नाही. गंमत म्हणजे या वेळी कोणाचेही तोंड उतरले नाही. मुलगी शिंगाडे सोलण्यात गुंतली होती.

सगळेच गोड होते असे नाही. काठाने बेशरम नावाची रानटी झुडपे माजली आहेत, गाळाने तलाव उथळ झाला आहे, आणि पलीकडच्या काठावरील एका मुक्कामाच्या ठिकाणी दुसऱ्या रात्री बारापर्यंत डीजे वाजत राहिला. शांततेसाठी पैसे मोजून आलेल्या पाहुण्यांना तो कशासाठी हवा असतो, हे मला अजून उमगलेले नाही.

निघताना मोठ्या आईंनी लाखोळीची डाळ बांधून दिली आणि पुढच्या खेपेला चिखलात धान रोवण्याच्या वेळी यायला बजावले. ‘तेव्हा मात्र हे बूट घालून येऊ नका,’ असे त्या माझ्या पायांकडे पाहत म्हणाल्या.