तुम्ही विचारलंत म्हणून: परवडत नव्हतं तर ऑस्लोला गेलात कशाला?

स्टाफरूममध्ये, भिशीत, लग्नाच्या पंगतीत, कुठंही गाठून लोक मला हा प्रश्न विचारतात. मी चित्रकलेची शिक्षिका, नवरा पतसंस्थेत नोकरीला, डोक्यावर घराचा हप्ता, आणि मिरजेहून ही दोघं थेट नॉर्वेच्या राजधानीत! सुरुवात ‘कसं जमवलंत?’ अशी होते. त्याचं मला काही वाटत नाही. पण दोन मिनिटांत गाडी ‘कशाला गेलात?’वर येते. तेवढ्यात बाली झालं असतं, व्हिएतनाम झालं असतं, चांगल्या हॉटेलात राहिला असतात. आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदाच काय ते नीट सांगते.

जमवण्याचं आधी, कारण त्यात लपवण्यासारखं काही नाही. विमानाचं तिकीट, व्हिसा आणि त्यासाठी लागणारा तीस हजार युरोचा विमा, यांत मोठा पैसा गेला. तो कुणालाच चुकत नाही. व्हिसासाठी माणशी रोजचे ५०० क्रोन खात्यात दाखवावे लागले. क्रोन तेव्हा आठ रुपयांच्या आसपास होता. तेवढे दाखवले आणि खर्च त्याहून कमी केला. राहिलो हॉस्टेलात. तिथं चादरीचे वेगळे पैसे घेतात, म्हणून चादरी घरून नेल्या. विमानतळावरून शहरात यायला खास एक्सप्रेस आहे, पण साधी लोकलही त्याच स्टेशनात येते आणि तिचं तिकीट जवळपास निम्मं असतं. शहरात आठवड्याचा पास काढला. त्याच पासावर फ्योर्डातल्या, म्हणजे तिथल्या समुद्राच्या खाडीतल्या, बेटांना जाणाऱ्या बोटीही चालतात. होवेदोया बेटावर ११४७ साली स्थापन झालेल्या ख्रिस्ती मठाचे अवशेष आहेत. तिथल्या गवतावर बसून आम्ही जेवलो, ते त्या पासावरच.

जेवण हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात करायचो. डाळ, कोथिंबीर, मिरच्या ग्रोनलँड भागातल्या भारतीय-पाकिस्तानी दुकानांत मिळतात, ब्रेड-अंडी ‘किवी’ किंवा ‘रेमा १०००’ या किराणा दुकानांत. भडंग आणि मेतकूट घरचं. तूप नेलं नाही, दूधदुभतं तिकडे बाहेरून नेऊ देत नाहीत. नळाचं पाणी थेट प्यायचं. रविवारी मोठी दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच सामान भरून ठेवायचं. ‘डबा खात परदेश पाहिला’ असं एकीनं मला ऐकवलं होतं. त्या शहरातली नोकरदार माणसंही दुपारी तेच करतात. टाउन हॉलसमोरच्या बाकावर सुटाबुटातली एक बाई पर्समधून कागदाची पुडी काढून ब्रेडवर तपकिरी चीज घातलेले तुकडे खात होती. सुरी-काटा नाही, प्लेट नाही, खाऊन झाल्यावर कागदाची नीट घडी. तिला कुणी विचारत नसेल.

आता ‘कशाला’.

ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करताना कॉलेजच्या लायब्ररीतल्या एका पुस्तकात नॉर्वेच्या एडवर्ड मुंक या चित्रकाराची ‘किंकाळी’ पाहिली होती. काळीपांढरी, पोस्टकार्डाएवढी. त्यातलं आभाळ लाल आहे हे सरांनी सांगितलं म्हणून कळलं. त्या लाल आभाळासाठी मी ऑस्लोला गेले. बाकी सगळी कारणं नंतरची. राष्ट्रीय संग्रहालयात १८९३ चं मूळ चित्र आहे. त्याचं तिकीट स्वस्त नाही. ते काढताना मी एक क्षणही विचार केला नाही. चित्रापुढे उभी राहिल्यावर आधी आभाळ दिसलं, मग दिसला पुठ्ठा. हे चित्र कॅनव्हासवर नाहीच, ते पुठ्ठ्यावर आहे, आणि काही ठिकाणी रंगाखालचा तो तपकिरी पुठ्ठा तसाच उघडा सोडलाय. वर डाव्या बाजूला पेन्सिलीची एक ओळ आहे, माहीत नसेल तर दिसायची नाही. ‘हे वेड्या माणसालाच रंगवता येईल’ अशा अर्थाची. कुणा प्रेक्षकानं खोडसाळपणे लिहिली असावी, असंही मानलं जायचं. २०२१ मध्ये संग्रहालयानं हस्ताक्षर ताडून पाहिलं, तर ते मुंकचंच निघालं. माझ्या वर्गात एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणाऱ्या कितीतरी मुलांकडे चांगला कागद नसतो. वह्यांच्या जुन्या पुठ्ठ्यावर ती सराव करतात आणि मी जवळ गेले की हातानं झाकतात. त्यांना मी आता जे सांगते ते पुस्तकात वाचून सांगत नाही, पाहून सांगते. हे मला बालीत मिळालं असतं का?

आणि महाग महाग म्हणतो ते काय, हेही पाहायला हवं. तुमच्यासाठी दुसऱ्या माणसानं राबायचं असेल तर ऑस्लो महाग आहे. टॅक्सी, हॉटेल, वाढणारा वेटर. त्या वेटरला पोटापुरता पगार मिळतो, म्हणून महाग. मला त्यात वावगं दिसत नाही. जे शहराचं आहे ते मात्र मोकळं ठेवलंय. १९२१ साली शहरानं गुस्ताव विगेलान या शिल्पकाराला राहायला घर आणि स्टुडिओ देण्याचा करार केला, त्यानं बदल्यात आपलं सगळं काम शहराला दिलं. म्हणून फ्रोग्नर पार्कात रात्री-अपरात्रीही कुणी जावं, तिकीट नाही. मधल्या एकाच दगडाच्या स्तंभात १२१ माणसं कोरलेली आहेत. तीन पाथरवट त्यावर १४ वर्षं काम करत होते. भोवती ग्रॅनाइटचे ३६ समूह. त्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या एका समूहापुढे मी वही घेऊन बसले ती दिवस संपेपर्यंत. थकलेली पाठ दगडात कशी वाकते ते मला पेन्सिलीला शिकवायचं होतं. मुंकनंही मरताना आपली चित्रं शहराच्याच नावे केली. त्याच्या संग्रहालयात बुधवारी संध्याकाळी फुकट सोडतात. आम्ही बुधवारीच गेलो.

इथपर्यंतचं मी सगळ्यांना सांगत आलेय. पुढचं सांगत नव्हते.

नवऱ्याचा कॉलेजचा जिवलग मित्र ऑस्लोत राहतो. पुण्याहून त्या दोघांच्याच ओळखीचं आणखी एक जोडपं त्याच सुमाराला आलं होतं. एका संध्याकाळी मित्रानं सगळ्यांना आकेर ब्रिगेच्या धक्क्यावर एका रेस्टॉरंटात बोलावलं. बोलावलं म्हणजे तो देणार, असं आम्ही धरलं नव्हतं, म्हणून मेनूकार्डाची उजवी बाजू वाचून आम्ही दोघांत एक फिश सूप सांगितलं. मित्राच्या आग्रहानं नवऱ्यानं एक बिअर घेतली. बाकीच्यांनी वाइन, खेकडे, मुख्य जेवण, गोड, सगळं घेतलं. गप्पा छान चालल्या होत्या. नवरा इतका खळखळून हसताना मी कितीतरी महिन्यांत पाहिला नव्हता. बिल आलं. मित्रानं फोनवर भरून टाकलं आणि म्हणाला, “समान भाग करू या. तुमच्याकडे व्हिप्स नसणार, तुम्ही सावकाश रुपयांत पाठवा.” व्हिप्स म्हणजे तिकडचं फोनवरून पैसे पाठवण्याचं साधन, आमच्यासारख्या पाहुण्यांना ते वापरता येत नव्हतं. मग त्यानं आकडा सांगितला. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात आम्ही किती दिवस काढले असते त्यात, ते मनातल्या मनात माझं मोजून झालं होतं.

नवरा “हो हो” म्हणाला. मी म्हणाले, “भाऊजी, आमचं सूप आणि यांची बिअर, तेवढे आम्ही देतो.”

टेबलावर कुणी बोललं नाही. मग मित्र म्हणाला, “वहिनी, इतकं मोजूनमापून राहायचं होतं तर यायचंच कशाला?”

तुम्ही विचारता तोच प्रश्न. मी पहिल्यांदा ऐकला तो तिथं. मी उत्तर दिलं नाही. नवऱ्यानं विषय बदलला, त्याचे कान लाल झाले होते.

तिथून आम्ही चालत ऑपेरा हाऊसच्या, म्हणजे तिथल्या संगीत-नाट्यगृहाच्या, छतावर गेलो. ते पांढऱ्या संगमरवराचं छत उतरत थेट पाण्यापर्यंत येतं, त्यावर कुणीही चढावं, पैसे पडत नाहीत. रात्रीचे साडेदहा झाले होते तरी उजेड होता. नवरा म्हणाला, “चारचौघांत बोलायला नको होतंस.” मी म्हणाले, “मग कधी बोलायचं होतं?” तो म्हणाला, “कधीच नाही. मैत्रीत असं बोलत नाहीत.” आम्ही तिथंच भांडलो. आजूबाजूला पोरंपोरी बसली होती, त्यांना भाषा कळत नव्हती, पण सूर कळत असणार.

परत आल्यावर पासबुक भरून आणलं. सूप-बिअरचे पैसे पाठवलेले होतेच. त्याच्या चार दिवस नंतरची आणखी एक नोंद होती. उरलेला सगळा भाग नवऱ्यानं मित्राला पाठवून दिला होता, मला न सांगता.

मी चूक होते असं मला आजही वाटत नाही. ते पैसे दोघांनी मिळून साठवलेले होते, माझी शिकवणीची फीसुद्धा त्यात होती. पण परत आल्यावर मी सगळ्यांना ‘काटकसरीनं सगळं होतं, त्रास काही होत नाही’ असं सांगत सुटले होते. त्या बोलण्यावर माझा आता विश्वास नाही. काटकसर मला झेपली, कारण मला जे हवं होतं ते तिथं एका तिकिटात किंवा फुकट होतं. त्याला जे हवं होतं, जुन्या मित्राबरोबर बरोबरीनं बसणं, ते त्या शहरात फार महाग होतं. पार्कात मी चित्र काढत असताना त्याला कंटाळा आला होता, हेही त्या भांडणातच कळलं. तरी मी विचारते, बिल समान भागलं असतं तर तो बरोबरीनं बसला असता का, की महिनाभर हप्त्याची काळजी करत बसला असता? तो म्हणतो, ते माझं मी बघितलं असतं. मित्राचा फोन आता दिवाळीलाच येतो. याचं खापर माझ्यावर फुटावं हे मला मान्य नाही, आणि माझा त्यात काहीच वाटा नाही असंही म्हणवत नाही.

पुन्हा जाणार का, हाही प्रश्न असतो. हो. मुंकनं विद्यापीठाच्या सभागृहात सूर्य रंगवलाय, तो राहिला. पोस्टात आरडी उघडलीय, या वेळी माझ्या एकटीच्या नावावर. तो बरोबर येणार की नाही ते त्यानं अजून सांगितलेलं नाही.