ठिपका हलला का?

भाच्याने टूर डिव्हाइड या सायकल स्पर्धेला जायचं ठरवलं तेव्हा घरात पहिला प्रश्न भाऊजींचा होता, "मागे गाडी कोणाची असणार?"

प्रश्न रास्त होता. नाशिकचे डॉ. महाजन बंधू २०१५ साली रेस अक्रॉस अमेरिका करून आले, नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पूर्ण केली. आपल्याकडे लांब पल्ल्याची सायकल स्पर्धा म्हटली की मागून येणारी गाडी, तिच्यात खाणंपिणं, मेकॅनिक, झोपेतून उठवणारी माणसं, असा सगळा लवाजमा डोळ्यांपुढे येतो. टूर डिव्हाइडला यातलं काहीच नसतं. कॅनडातल्या बॅन्फपासून अमेरिका-मेक्सिको सरहद्दीवरच्या अँटलोप वेल्सपर्यंत साधारण ४,४०० किलोमीटर, त्यातला बहुतेक रस्ता कच्चा, रॉकी पर्वत पुन्हा पुन्हा ओलांडत जाणारा. अंथरूण-पांघरूण, पंक्चरचं सामान, खाणं, सगळं सायकललाच बांधलेलं. प्रवेश फी नाही आणि बक्षीसही नाही. जूनच्या दुसऱ्या शुक्रवारी दोनशेच्या आसपास लोक बॅन्फहून निघतात आणि पुढे ज्याचा तो.

"मग तो कुठे पोचला ते आपल्याला कळणार कसं?" ताईने विचारलं.

ते कळवायचं काम माझ्याकडे आलं. मी बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या करतो, त्यामुळे घरातला सायकलवाला मीच. शिवाय असे ठिपके बघत बसायची खोड मला जुनी आहे. प्रत्येक स्पर्धकाच्या सायकलवर किंवा पाठीवर मुठीत मावेल एवढं एक यंत्र असतं. ते जीपीएसवरून आपली जागा ठरवतं आणि दर काही मिनिटांनी उपग्रहामार्फत पाठवतं. ट्रॅकलीडर्स नावाच्या वेबसाइटच्या नकाशावर ती जागा ठिपका होऊन उमटते, ठिपक्यावर नावाची आद्याक्षरं. मोबाईलच्या रेंजची गरज पडत नाही हा मोठा फायदा, कारण त्या रस्त्यावर रेंज असतेच कुठे! ही सोय नव्हती तेव्हा स्पर्धक वाटेतल्या गावात सार्वजनिक फोन शोधून आपला निरोप आवाजात नोंदवून ठेवायचे आणि घरचे तो ऐकायचे. त्या मानाने आम्ही राजे.

ताईला लाइव्ह लोकेशन नवीन नव्हतं. पालखी कुठे पोचली ते ती दरवर्षी फोनवर बघते. तिची अडचण वेगळी होती. पालखी कुठे मुक्कामाला थांबणार हे आधीपासून ठरलेलं असतं, पोरगा कुठे थांबणार ते त्यालाही माहीत नव्हतं.

पहिल्या दोन-तीन दिवसांत आमचा सगळा वेळ घड्याळ जुळवण्यात गेला. तिथल्या आणि आपल्या वेळेत साडेअकरा तासांचा फरक. आपण दुपारी डबा उघडतो तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते. ठिपका हलत नाही म्हणून ताई ऑफिसच्या वेळेत फोन करायची आणि मी सांगायचो, अगं झोपलाय तो, रात्रीचा दीड वाजलाय तिकडे. मग मी तिला ट्रॅकलीडर्सवरचा आलेख दाखवला. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर अंतर. माणूस चालता असला की रेघ वर चढते, झोपला की आडवी पडते. त्या आडव्या तुकड्याची लांबी म्हणजे झोपेचे तास. हे तिला एकदम पटलं. दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर तिचे मेसेज यायला लागले : "आज पाच तास. बरं झालं." पहिला कितवा आणि आपला कितवा यात तिला काडीचाही रस नव्हता.

मला होता, खोटं कशाला बोलू. पुढे पळणाऱ्यांचे आलेख बघताना छाती दडपते. त्यांच्या रेघेला आडवे तुकडे जवळजवळ नसतातच. माइक हॉलने २०१६ साली हे अंतर १३ दिवस २२ तास ५१ मिनिटांत कापलं तेव्हा ते अचाट वाटलं होतं. २०२५ मध्ये स्वित्झर्लंडच्या रॉबिन गेंपर्लेने बारा दिवसांच्या आत संपवलं. आमचा गडी मधल्या घोळक्यातला. पुढचे पोचून आंघोळी करून झोपले तेव्हा तो वायोमिंगमध्ये होता.

पण ठिपका वाचायला मी खरा शिकलो तो मोंटानात. ब्यूट गाव सोडल्यावर फ्लीसर रिज नावाचा डोंगर लागतो. नकाशाच्या खाली उंचीची रेघ असते, तिच्यावर सरळ उतार दिसत होता आणि ठिपक्याचा वेग मात्र माणूस पायी चालेल एवढाच. भाऊजी म्हणाले, सायकल मोडली. मी आजूबाजूचे ठिपके उघडले. त्याच्या पुढे गेलेल्या प्रत्येकाचा वेग त्याच तुकड्यात तसाच पडला होता. तो उतार इतका उभा आणि दगडगोट्यांचा आहे की बहुतेक जण उतरून, ब्रेक दाबून, सायकलला आडवं धरत खाली येतात. तेव्हापासून मी एक नेम पाळला : एकट्या ठिपक्यावरून काही ठरवायचं नाही, आधी शेजारचे बघायचे. सगळेच रेंगाळलेत तर रस्ता वाईट किंवा वारा तोंडावर. एकटाच रेंगाळलाय, तर मग काळजी करायला हरकत नाही.

काळजी करायची वेळ ग्रेट डिव्हाइड बेसिनमध्ये आली. वायोमिंगमधला हा खोलगट भाग. इथे पडलेलं पाणी पॅसिफिककडेही जात नाही आणि अटलांटिककडेही, तिथेच जिरतं नाहीतर उडून जातं. ॲटलांटिक सिटी नावाचं चिमुकलं गाव सोडलं की शंभरावर किलोमीटर दुकान नाही, झाड नाही, सावली नाही. तिथे भरदुपारी ठिपका थांबला. तासाभराने तिथेच. आणखी दोन तासांनी तिथेच. आपल्याकडे तेव्हा रात्र होती, म्हणजे झोपायची वेळ आमची, त्याची नव्हे.

मोंटानातल्या जंगलात ठिपका गेला असता तर मी कूस बदलून झोपलो असतो. दाट झाडी आणि अरुंद दरी असली की यंत्राला आकाश नीट दिसत नाही, संदेश मधेच गळतात, मग ठिपका एकदम वीस किलोमीटर पुढे उगवतो. बेसिनमध्ये मात्र आकाशाशिवाय दुसरं काही नाही. तिथे संदेश गळायला कारणच नको. त्यात त्याच्याकडचं यंत्र एकतर्फी, ते फक्त पाठवतं. आपला संदेश पोचला की नाही हे त्याला कळत नाही आणि आम्हाला उलट काही विचारता येत नाही. एसओएसचं बटण असतं, ते थेट बचाव केंद्राला कळवतं. ते दाबलेलं नव्हतं. पण दाबण्याच्या अवस्थेत माणूस असेलच असं कुठे आहे?

हे ताईशी बोललो नाही. माझ्या डोक्यात २०१७ ची इंडियन पॅसिफिक व्हील रेस होती. ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल ते सिडनी, सुमारे ५,५०० किलोमीटर, तीही अशीच स्वतःच्या बळावर. क्रिस्टोफ अलेगार्ट पुढे, त्याच्यामागे दुसऱ्या क्रमांकावर तोच माइक हॉल, आणि जगभरचे लोक त्या दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजत बसलेले. मीही त्यातलाच. ३१ मार्चच्या पहाटे कॅनबेराजवळ हॉलला मोटारीने धडक दिली आणि तो गेला. स्पर्धा तिथेच थांबवली. त्याचा ठिपका जिथे थांबला होता तिथेच राहिला. बातमी येईपर्यंत बघणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी तेच म्हटलं असेल जे मी ताईला सांगत होतो : बॅटरी संपली असेल.

म्हणून त्या रात्री मी नेम पाळला. त्याच्या आगेमागे तीन ठिपके होते. एक थांबला त्या सुमारास त्याच्या पुढे होता, दोन मागून येत होते. मागचे दोन त्या जागेवरून गेले. मी त्यांची नोंद उघडली : कुणाचाही वेग तिथे घसरला नव्हता, कुणी थांबलं नव्हतं. एकच रस्ता, उघडं माळरान. रस्त्याकडेला माणूस पडलेला असता तर त्या दोघांपैकी एक तरी थांबला असता, या लोकांची ती रीतच आहे. म्हणजे माणूस त्या जागी नाही, नुसता ठिपका आहे. हे मी ताईला फोनवर नकाशा उघडायला लावून, एकेका आद्याक्षरावर बोट ठेवायला सांगून दाखवलं. ती म्हणाली, "मग तो कुठंय?" मी म्हटलं, या दोघांच्या थोडा पुढे, हे बघ इथे असणार. पहाटे ठिपका उमटला तो मी दाखवल्याच्या बराच पुढे. यंत्रातले लिथियमचे सेल संपले होते आणि साहेबांनी ते गावात पोचून बघितले तेव्हा बदलले.

भाऊजींचा प्रश्न वेगळाच, खाण्याचा. त्यांचे एक मित्र डेन्व्हरला असतात. ठिपका कोलोरॅडोत आल्यावर ते म्हणाले, ब्रेकनरिजला जाऊन थांबतो, बायको थालीपीठं आणि लसणाची चटणी करून देते. मला नाही म्हणावं लागलं. आधी ठरवून ओळखीच्या माणसाकडून मदत घेणं या स्पर्धेत बसत नाही. जे सगळ्यांना विकत मिळू शकतं तेवढंच घ्यायचं. पोस्टात स्वतःच्या नावाने पार्सल पाठवता येतं. वाटेतल्या अनोळखी माणसाने आपणहून सरबत पाजलं तर तेही चालतं. भाऊजी खवळले, "परक्याचं चालतं आणि घरचं नाही?" हो, असंच आहे, आणि मला ते बरोबर वाटतं. मोंटानातलं ओव्हांडो काय, कोलोरॅडोच्या सीमेजवळचं ब्रश माउंटन लॉज काय, तिथली माणसं येणाऱ्या प्रत्येकाला सारखंच विचारतात. थालीपीठ फक्त एकालाच मिळालं असतं. डेन्व्हरच्या मित्रांना मी शेवटाला जायला सांगितलं, तिथे गाडी लागणारच होती.

इंडियाना पास हा ३,६०० मीटरांहून उंच, मार्गातला सर्वात उंच भाग. त्याबद्दल मी घरात फार बोललो नाही. त्याने तो रात्रीत उरकला आणि आम्ही चहा घेत बघितला. एवढंच.

न्यू मेक्सिकोत मात्र चिखल लागला. तिथलाही पावसाळा साधारण जुलैच्या सुरुवातीला येतो, आणि कच्च्या रस्त्याची माती भिजली की आपल्या काळ्या रानातल्या मातीसारखी चाकाला धरते. फ्रेम आणि टायरमधली फट भरते, चाक फिरायचं थांबतं, सायकल खांद्यावर घ्यावी तर तिचं वजन दुप्पट झालेलं. क्यूबाच्या पुढे (गावाचं नाव आहे ते, देशाचं नव्हे, हे भाऊजींना दोनदा सांगावं लागलं) ठिपका तासाला दोन किलोमीटरने सरकत होता. आता ताईच मला सांगत होती, "शेजारचेपण तसेच आहेत, मी बघितलं." ग्रुपवरच्या इतर बायकांना ती रेघ वाचायला शिकवत होती. आद्याक्षरांवरून तिने त्याच्या आगेमागच्या लोकांना ओळखायला सुरुवात केली होती आणि एका जपानी गृहस्थाची आडवी रेघ फार लहान पडते म्हणून तिला वाईट वाटत होतं.

पाय टाउनला तो बराच वेळ थांबला. गावाच्या नावातच पाय आहे, खाल्ल्याशिवाय कोण निघेल. सिल्व्हर सिटीच्या पुढे वाळवंट, सपाट, शेवटचा भाग डांबरी. अँटलोप वेल्स हे गाव नाहीच. सरहद्दीवरची चौकी, एक पाटी आणि दोन्ही बाजूंना कुंपण. दुकान नाही, हॉटेल नाही, स्वागताला कुणी नाही, वेळ नोंदवायला टेबल मांडून बसलेला पंचसुद्धा नाही. ठिपका तिथे पोचला हीच नोंद. आपल्याकडे सकाळचे साडेआठ वाजत होते. ठिपका चौकीला टेकला तसा भाऊजींनी ग्रुपवर नारळाचं चित्र टाकलं, मी ऑफिसला निघालो.

शिवाजीनगरला सिग्नलला उभा होतो तेवढ्यात ताईचा फोन. "अरे, हा परत उलटा निघालाय! ताशी शंभरने!"

डेन्व्हरच्या मित्रांच्या गाडीत सायकल चढली होती. यंत्र बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.