तुम्ही विचारलंत म्हणून: ती पिशवीवाली बाई घरी का पोचत नाही?

नवीन कुठलंही अ‍ॅनिमेशन दाखवलं की लगेच येतं: “हे छानच, पण त्या पिशवीवाल्या बाईचं काय झालं? फिल्म कधी पूर्ण करणार?” मैत्रिणी विचारतात, सर विचारतात, परवा मामीनेही विचारलं. आजवर आळसावर ढकलत आले. आळस नाहीये.

ती आई आहे. तुम्ही ओळखलं असेलच, मी कबूल केलं नव्हतं इतकंच.

दुसऱ्या वर्षाला वॉक सायकल करायची होती, म्हणजे दोन पावलांची चित्रं, पुन्हा पुन्हा फिरवायची. साधं चालणं सगळेच करतात: १२ चित्रं, प्रत्येक चित्र २ फ्रेम, सेकंदात दोन पावलं, झालं. मला लंगडणं हवं होतं. आई ठाण्यात जांभळी नाक्यावरून भाजी घेऊन तलावपाळीच्या कडेने येत होती, तेव्हा मागून मोबाइलवर शूट केलं. तिला न सांगता. मग एकेक फ्रेम बघत बसले. लंगडणं पायाच्या आकारात नसतं हो, वेळेत असतं. दुखऱ्या गुडघ्यावर भार नको म्हणून तो पाय जमिनीवर जेमतेम टेकतो, दुसरा घाईघाईने पुढे पडतो. माझी १६ चित्रं होती. आठ-आठ वाटली तर कवायत दिसायची. चांगल्या पायाला १०, दुखऱ्याला ६ दिली आणि बाई जिवंत झाली. कापडी पिशवी वेगळ्या लेयरवर, दोन चित्रं उशिरा झुलणारी. रात्री दोन वाजता ते बघत मी एकटीच हसले. जमलं म्हणून हसले, तिला नाही. (हे वाक्य स्वतःला बरेचदा ऐकवून झालंय.)

वर्षअखेरीला सगळ्यांची कामं पडद्यावर दाखवली. आई इस्त्रीची साडी नेसून तिसऱ्या रांगेत. माझी बाई आली. वॉक सायकल म्हणजे तेच ते, जागच्या जागी. पहिल्या फेऱ्यांना शांतता होती. मग कुणीतरी खुदकन हसलं, मग कुणीतरी त्या चालीवर टाळी धरली. ठक्... टक. ठक्... टक. बघता बघता अख्खा हॉल. आईही हसत होती. टाळ्याही वाजवत होती, ठेका अगदी बरोबर धरून.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, रिक्षा करू. “कशाला? चालत जाऊ की.” आणि ती सरळ चालायला लागली. म्हणजे दोन्ही पायांना सारखा वेळ देऊन. आठ-आठ. गडकरी रंगायतनच्या अलीकडे तलावाच्या कठड्याला धरून थांबली.

“दुखतंय?”

“छे गं. कारंजं बघतेय.”

कारंजं बंद होतं.

तेव्हापासून माझ्यासमोर ती तशीच चालते. स्वयंपाकघरात एकटी असली की जुना ठेका ऐकू येतो. मी आत गेले की थांबतो.

त्या वर्षीच्या स्केचबुकात मीच लिहून ठेवलंय, ‘खरं काढलं की अपमान होत नाही.’ काय ते शहाणपण! पण त्या मुलीला सरसकट चूकही म्हणवत नाही. आई तो गुडघा इतकी वर्षं घेऊन फिरतेय, आणि घरात कुणी तिच्या पायाकडे नीट पाहिलं होतं? मी पाहिलं. मग चोरून का? सांगितलं असतं तर ती त्याच दिवशी सरळ चालली असती. बघा, पुन्हा वकिली सुरू झाली माझी.

“आईलाच विचार ना सरळ,” असंही सांगून झालंय तुमचं. विचारलं. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “कर की पूर्ण. फक्त माझा पाय तेवढा बरा दाखव.”

त्या रात्री आठ-आठ करून पाहिलं. गुळगुळीत चालते. कुणाचीही आई वाटते. पिशवीचा लेयर बदलायचा राहिलाय, ती अजून दहा-सहावरच झुलतेय.