दळण होईपर्यंत मूकपट

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमची पिठाची गिरण आहे. चक्की सुरू झाली की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. गिऱ्हाईक डबा पुढं करून बोटांनीच सांगतं, बारीक की जाड. तिथं मोबाईलवर बोलपट लावणं म्हणजे खुळेपणाच. म्हणून मी मूकपट लावायला लागलो, फळीवर तेलाच्या कॅनला मोबाईल टेकवून.

पहिला लावला हॅरॉल्ड लॉइडचा 'सेफ्टी लास्ट', १९२३ चा. उंच इमारतीवरच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा तो चष्मेवाला. ज्वारी घेऊन आलेल्या एक मावशी डबा काखेत धरून तशाच बघत राहिल्या. काटा खाली वाकला आणि त्यांनी पदर दातांत धरला. मीही त्यांच्याकडंच बघत होतो, तेवढ्यात वरची ज्वारी संपली, दगड कोरडेच घासायला लागले आणि जळका वास सुटला. धावत जाऊन चक्की बंद केली. सगळं शांत झालं तेव्हा मावशींचा आवाज आला, "पडला का रं त्यो?"

मग त्यांना सांगितलं, या माणसाच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट १९१९ मध्ये स्फोटात गेलं होतं. पडद्यावर तो खोटी बोटं लावलेला हातमोजा घालायचा.

"आनि तरी चढतोय मुडदा! परत लाव."

माझा स्वतःचा जीव मात्र बस्टर कीटनवर. (चॅप्लिनवाल्यांनी रागवू नये.) १९२८ च्या 'स्टीमबोट बिल ज्युनियर'मध्ये घराची आख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते, आणि तो नेमका खिडकीच्या भोकात उभा. तोंडावरची सुरकुती हलत नाही. पोरगं म्हणालं, "पप्पा, एआय हाय काय?" खरी भिंत होती रे बाबा. थोडा इकडं-तिकडं सरकला असता तर संपलाच होता.

परवा मावशी म्हणाल्या, "गोऱ्यांचंच काय लावतोस? आपल्या कोल्हापूरचा लाव की एखादा." काय सांगणार? खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः कॅमेरा बनवून मूकपट काढले. पण त्यांच्या १९२५ च्या 'सावकारी पाश'ची आज प्रत नाही. तेव्हाची नायट्रेटची फिल्म; ठिणगी पडली की भडकायची, नुसती ठेवली तरी सडायची.

"न्हाई मिळत, मावशी."

"मग त्यो भिंतीवाला लाव. जाडच दळ, भाकरीला हाय."