सोलापूर ट्रिप: काकांची वही आणि झाडूचं चेकपोस्ट

मागच्या शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याहून सोलापूरला गेलो, मावशीकडे. खरं काम काकांकडे होतं. ते रिटायर्ड सुभेदार, काँगोत यूएनच्या शांतिसेनेत जाऊन आलेले, आणि मला तिथल्या ट्रेनिंगबद्दल लिहायचं होतं.

रविवारी सकाळी अंगणात त्यांनी दोन खुर्च्यांवर झाडू आडवा टाकला, म्हणाले हे चेकपोस्ट, तू सेंट्री, म्हणजे पहारेकरी. मावशी कडेवर उशी घेऊन बाळवाली बाई झाली आणि तरातरा चालत आली. मी लगेच काठी रोखली. "संपलं बे!" काका ओरडले. आधी हात वर करून थांबवायचं, तिच्या भाषेत दोन शब्द बोलायचे, गोळी शेवटी. सीमेवर शिकलेला हात शांतिसेनेत आवरावा लागतो, म्हणून जायच्या आधी हे पुन्हा पुन्हा घोटून घेतात.

पण बटालियन साधारण वर्षाने परत येते, शिकलेली माणसं पांगतात, पुढची तुकडी परत पहिल्यापासून. त्यामुळे शिकवणारेच तयार करायचे, असं काकांचं ठाम मत. दिल्लीत सैन्याचं शांतिसेना केंद्र 2000 पासून आहे, तिथे 2016 मध्ये भारत आणि अमेरिकेने मिळून आफ्रिकी देशांच्या प्रशिक्षकांसाठी कोर्स घेतला, हेतू हाच की त्यांनी घरी जाऊन आपापल्या लोकांना शिकवावं. 2019 मध्ये आपल्या औंधलाही आफ्रिकी सैन्यांबरोबर सराव झाला, मी पुण्यात राहून मला पत्ता नाही!

काकांची वही मात्र भारी. प्रत्येक पानावर एक चूक, खाली ती कशी सुधारली ते. काँगोहून निघताना तिची झेरॉक्स त्यांनी पुढच्या तुकडीच्या हवालदाराला दिली होती. मला वाटतं अख्ख्या कोर्सपेक्षा ती झेरॉक्स जास्त टिकली असेल.

कुणाला असं जाऊन बोलायचं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून बघा, ओळख निघू शकते. आधी फोन करा, सकाळी लवकर जा, दुपारी सोलापूरचं ऊन माणसाला बोलू देत नाही. किती मारले वगैरे विचारू नका, काय चुकलं ते विचारा, मग माणूस खुलतो. रेकॉर्डिंगला काका नाही म्हणाले, म्हणून वही-पेन न्याच. वेळ उरला तर भैया चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक बघा, 1938 मध्ये चीनच्या युद्धात जखमींवर उपचार करायला गेलेला हा सोलापूरचाच डॉक्टर.

आणि शेंगाचटणी अर्धा किलो जास्त घ्या. माझी दौंडच्या आधीच निम्मी संपली.